बर्फाच्या फळीवरचा एक इंच : सिराक्यूज, बफेलो आणि रॉचेस्टर यांची हिवाळी चुरस

आपण विचारले आहे की आपली मुलगी न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे शिकते, तिचा आतेभाऊ बफेलोला नोकरी करतो, आणि नोव्हेंबर उजाडला की दोघे घरातल्या व्हॉट्सअॅप गटावर आपापल्या शहरात पडलेल्या बर्फाचे आकडे टाकून एकमेकांना आव्हान देतात. ‘गोल्डन स्नोबॉल’ नावाचा चषक त्या दोघांच्या तोंडी सारखा असतो. हे आकडे नेमके कोण मोजते, सिराक्यूजच बहुतेक वेळा पुढे का असते, आणि मुलीने आपल्या सज्जात मोजलेला आकडा अधिकृत आकड्याशी कधीच का जुळत नाही, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी सिराक्यूजच्या दक्षिणेकडील चढणीच्या भागात राहतो आणि गेली २२ वर्षे स्वयंसेवी निरीक्षक म्हणून रोज सकाळी सात वाजता बर्फ मोजून नोंदवत आलो आहे, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत जिव्हाळ्याचे वाटते. मात्र पहिल्या दोन प्रश्नांशिवाय ते नीट कळणार नाही.

स्पर्धा पाच शहरांत आहे: ऑल्बनी, बिंगहॅम्टन, बफेलो, रॉचेस्टर आणि सिराक्यूज. ही पाचही शहरे न्यूयॉर्क महानगराच्या उत्तरेस व पश्चिमेस पसरलेल्या प्रदेशातील आहेत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेतील कर्मचाऱ्यांनी आपसांतील खेळीमेळीची चढाओढ म्हणून ही कल्पना काढली, पुढे १९९०च्या दशकात कार्यालयांच्या पुनर्रचनेत ती बंद पडली आणि २००२-०३च्या हिवाळ्यापासून हवामानाची आवड असलेल्या नागरिकांनी ती पुन्हा सुरू केली. १ जुलै ते ३० जून हे हिमवर्ष धरले जाते आणि त्या काळात ज्या शहराच्या अधिकृत मापनस्थळी सर्वाधिक इंच बर्फ नोंदवला जातो त्या शहराला चषक मिळतो. पैशाचे मोठे बक्षीस नाही, परंतु जानेवारीत सकाळी साडेसहाला मोटारीवरचा बर्फ खरवडणाऱ्या माणसाला आपल्या कष्टाची कोणीतरी दप्तरी नोंद ठेवली आहे याचे जे समाधान मिळते ते लहान नाही. आपल्याकडे पावसाळ्यात महाबळेश्वर पुढे की चेरापुंजी, आंबोली पुढे की ताम्हिणी, अशा बातम्या आपण ज्या उत्सुकतेने वाचतो, तीच उत्सुकता इथे बर्फाबाबत असते.

आता आकडे पाहू. १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीनुसार सिराक्यूजला एका हंगामात सुमारे १२८ इंच, म्हणजे जवळजवळ सव्वातीन मीटर बर्फ पडतो. रॉचेस्टरला सुमारे १०२ इंच, बफेलोला सुमारे ९५ इंच आणि ऑल्बनीला सुमारे ५९ इंच पडतो. बिंगहॅम्टन बफेलो आणि ऑल्बनी यांच्या मध्ये कुठेतरी बसते. म्हणजे सरासरीवर बोली लावायची तर सिराक्यूजवरच लावावी, आणि २००२-०३ नंतरच्या बहुतेक हंगामांत चषक तिथेच गेला आहे. परंतु सरासरी हा फार शांत दिसणारा आकडा असतो. २०१०-११ मध्ये सिराक्यूजला १७९ इंच बर्फ पडला आणि लगेच पुढच्या हिवाळ्यात अवघा ५०.६ इंच. त्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या अंगणातले गवत दिसत होते आणि शेजारचे वृद्ध गृहस्थ रोज येऊन, काही चुकत तर नाही ना, असे मला मनापासून विचारत असत.

सिराक्यूजचा विक्रम १९९२-९३ या हंगामातील १९२.१ इंचांचा आहे, आणि त्यामागची एक गोष्ट या भागातला प्रत्येक जण सांगतो. त्याआधीच्या हिवाळ्याने लोक इतके कंटाळले होते की मार्च १९९२ मध्ये शहराच्या नगरपरिषदेने, त्या वर्षीच्या २४ डिसेंबरपर्यंत शहराच्या हद्दीत बर्फ पडण्यास मनाई करणारा ठराव रीतसर संमत केला. नाताळला मात्र बर्फ हवा होता, म्हणून मुदत आदल्या दिवसापर्यंतच ठेवली होती. पुढे जो हिवाळा आला त्याने शहराच्या इतिहासातील सर्व हंगाम मागे टाकले.

बफेलोचा विक्रम त्याहूनही मोठा आहे: १९७६-७७ मध्ये १९९.४ इंच, म्हणजे पाच मीटरहून थोडे अधिक. याच हंगामात, २८ जानेवारी १९७७ रोजी, तो प्रसिद्ध हिमझंझावात आला ज्यात या भागातील २९ माणसे दगावली. पण त्याचा तपशील पाहिला तर मोजमापाचा एक मोठा प्रश्न समोर येतो. त्या चार दिवसांत नवा बर्फ साधारण एक फूटच पडला होता. ईरी सरोवर त्या वर्षी १४ डिसेंबरलाच गोठले होते, त्याच्या विस्तीर्ण पृष्ठावर आठवडेच्या आठवडे कोरडा, भुरभुरीत बर्फ साचत गेला होता, आणि ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने तो सगळा उचलून शहरावर आणून टाकला. घरे छपरापर्यंत गाडली गेली. परंतु वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ ‘पडलेला’ धरला जात नाही, त्यामुळे शहराला ज्याने सर्वाधिक छळले तो बर्फ हंगामाच्या बेरजेत आलाच नाही. बेरजेतला बराच मोठा भाग त्या झंझावातापूर्वी, रोज थोडाथोडा पडून जमा झालेला होता.

सिराक्यूज पुढे का, याचे उत्तर सरोवरांत आहे. ऑन्टॅरिओ आणि ईरी ही पंचमहासरोवरांपैकी सर्वांत पूर्वेकडची दोन सरोवरे. हिवाळ्यात कॅनडाकडून अतिशीत, कोरडी हवा येते आणि उन्हाळ्याची ऊब धरून बसलेल्या पाण्यावरून वाहू लागते. खालून तिला उष्णता आणि बाष्प मिळते, ती वर चढते, ढग बनतात आणि पलीकडच्या किनाऱ्यावर ते बर्फ म्हणून रिकामे होतात. इथे याला ‘लेक इफेक्ट’ म्हणतात. पाण्याचे तापमान आणि सुमारे दीड किलोमीटर उंचीवरील हवेचे तापमान यांत किमान १३ अंश सेल्सियसचा फरक असला की ही क्रिया नीट सुरू होते, असा पूर्वानुमान करणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे आणि माझ्या अनुभवात तो क्वचितच फसला आहे. दुसरी अट अशी की वाऱ्याला पाण्यावरून लांबचा प्रवास मिळायला हवा. ईरी सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जवळजवळ ३९० किलोमीटर लांब पसरले आहे आणि बफेलो अगदी त्याच्या पूर्व टोकावर बसले आहे. म्हणून वारा सरोवराच्या लांबीला समांतर आला की सगळे बाष्प एका अरुंद पट्ट्यात गोळा होते आणि तो पट्टा बफेलोच्या परिसरावर तासन्‌तास एकाच जागी उभा राहतो. डिसेंबर २००१ मध्ये अशाच एका पाच दिवसांच्या सत्रात बफेलोला ८१.६ इंच बर्फ पडला होता. त्याआधी त्या महिन्यात जवळजवळ काहीच पडले नव्हते.

मग एवढी ताकद असूनही बफेलो सरासरीत मागे का पडते? ईरी सरोवर उथळ आहे. त्याची सरासरी खोली १९ मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत त्याचा मोठा भाग गोठतो, पाण्यावर झाकण बसल्यासारखे होते आणि बर्फाचा कारखाना बंद पडतो. ऑन्टॅरिओची सरासरी खोली ८६ मीटर आहे. ते सहसा गोठत नाही. मार्चमध्येही त्यातून वाफ निघताना मी पाहिली आहे. सिराक्यूज त्याच्या आग्नेयेस आहे आणि वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्याला कधीकधी ह्युरॉन सरोवराच्या जॉर्जियन उपसागरावरून आधीच बाष्प मिळालेले असते, म्हणजे तो दोन सरोवरांची शिदोरी घेऊन इथे पोहोचतो. शिवाय अटलांटिकच्या किनाऱ्याने वर सरकणाऱ्या मोठ्या वादळांचा काठही सिराक्यूजला लागतो, जो बफेलोपर्यंत क्वचित जातो. त्यामुळे बफेलोला एका दणक्यात चार फूट मिळतात, तर सिराक्यूजला आज दोन इंच, उद्या तीन, परवा एक, असे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चालू राहते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण मी इथल्या मुलांना शिकवतो तेव्हा उदाहरण शोधावे लागत नाही.

वाऱ्याची दिशा थोडी बदलली तरी पट्टा कुठल्या कुठे सरकतो. ऑन्टॅरिओवर सरळ पश्चिमेचा वारा असेल तर तो सिराक्यूजच्या ईशान्येकडील टग हिल या पठारावर जातो, जिथे चढणीमुळे बर्फ आणखी वाढतो; तिथल्या हूकर या ठिकाणी १९७६-७७ मध्ये ४६६.९ इंच, म्हणजे जवळजवळ बारा मीटर बर्फ नोंदवला गेला होता. त्याच पठारालगतच्या रेडफिल्डला फेब्रुवारी २००७ मध्ये दहा दिवसांत १४१ इंच पडले. खऱ्या अर्थाने बर्फाची राजधानी हीच गावे आहेत, पण तिथे वस्ती विरळ आहे, स्पर्धा शहरांची आहे, आणि विजेत्या शहराच्या नागरिकांनी ही गोष्ट मनात ठेवावी असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता मोजणाऱ्यांकडे येतो. पाचही शहरांचे आकडे तिथल्या विमानतळांवरचे असतात. तापमान, वारा, दाब हे सगळे तिथली स्वयंचलित यंत्रे टिपतात, पण नव्याने पडलेल्या बर्फाची जाडी मोजण्याचे काम आजही माणूसच करतो. त्याचे साधन इतके साधे आहे की पाहणाऱ्याला नवल वाटते: पांढऱ्या रंगाने रंगवलेली, साधारण १६ इंच रुंद आणि २४ इंच लांब प्लायवुडची फळी, आणि इंचाचे दहा भाग केलेली फूटपट्टी. फळी उघड्यावर, घरापासून व झाडांपासून दूर, जमिनीलगत ठेवायची. बर्फ पडला की फूटपट्टी उभी घालून दशांश इंचापर्यंत मोजायचे, फळी पुसून स्वच्छ करायची आणि नव्या बर्फावर पुन्हा ठेवायची. दशांश इंचापेक्षा कमी असेल तर ‘लेशमात्र’ अशी नोंद होते, आणि अशा शंभर नोंदींची बेरीजही लेशमात्रच असते. बर्फाचे टणक बारीक दाणे पडले तर ते बेरजेत धरतात. पाऊस पडून जमिनीवर गोठला तर धरत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचा नियम हा की फळी सहा तासांत एकदाच पुसायची, त्याहून लवकर नाही. याचे कारण समजून घेतले की आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. ताजा बर्फ हा चुरमुऱ्यांसारखा असतो. डब्यात ओतल्यावर तो काठोकाठ दिसतो, थोड्या वेळाने स्वतःच्या वजनाने खाली बसतो. सरोवरावरून आलेला बर्फ तर फारच हलका असतो. सर्वसाधारण हिशेबात दहा इंच बर्फ वितळला की एक इंच पाणी मिळते असे धरतात, पण लेक इफेक्टच्या बर्फात तेवढ्याच पाण्यासाठी वीस, कधी तीस इंच लागतात. समजा, चोवीस तास सारखा बर्फ पडतो आहे. एका निरीक्षकाने दिवसाच्या शेवटी एकदाच मोजले तर त्याला नऊ इंच मिळतील, दुसऱ्याने दर सहा तासांनी मोजून फळी पुसली तर चार मापांची बेरीज अकरा होईल, आणि तिसऱ्याने दर तासाला पुसली तर ती तेरा-चौदापर्यंत जाईल. बर्फ तोच, ढग तेच, कोणीही खोटे बोललेले नाही. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मीही उत्साहाच्या भरात एका रात्री दर तासाला फळी पुसून बेरीज कळवली होती. समन्वयकांनी ती नम्रपणे परत केली आणि नियमाचे पान सोबत जोडले. ते पान अजून माझ्या नोंदवहीत आहे.

हीच गोष्ट फार मोठ्या पातळीवर १९९७ मध्ये घडली. ११ आणि १२ जानेवारीला टग हिलवरील माँटेग्यू या गावी चोवीस तासांत ७७ इंच बर्फ नोंदवला गेला. ती नोंद ग्राह्य धरली असती तर कोलोरॅडोतील सिल्व्हर लेक येथे एप्रिल १९२१ मध्ये झालेला ७५.८ इंचांचा राष्ट्रीय विक्रम मोडला असता. तज्ज्ञांच्या समितीने चौकशी केली तेव्हा दिसले की निरीक्षकाने चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा मोजून बेरीज केली होती. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणाला शंका नव्हती, बर्फही प्रचंड पडला होता, पण पद्धत नियमाबाहेरची असल्याने विक्रम नाकारला गेला. मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. दोन शहरांची तुलना करायची तर दोन्हीकडे फळी सारख्याच वेळा पुसली गेली पाहिजे, नाहीतर आपण बर्फाची नव्हे, निरीक्षकांच्या उत्साहाची तुलना करत असतो. जुन्या काळातील आकडे वाचतानाही हे भान ठेवावे, कारण मोजण्याची वारंवारता आणि मापनस्थळे गेल्या शंभर वर्षांत बदलत आली आहेत. १८८८ च्या मार्चमध्ये ऑल्बनीला एका वादळात ४६.७ इंच पडल्याची नोंद आहे. ती मी आदराने वाचतो, पण आजच्या मापाशेजारी ठेवताना सावध असतो.

पद्धतीनंतर जागेचा प्रश्न येतो, आणि बफेलोच्या आपल्या भाच्याची तक्रार असेल तर ती इथे रास्त आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर, हे आपल्याला आठवत असेल. बफेलोत असे वारंवार होते, कारण सरोवरावरचा पट्टा सुरीने कापल्यासारखा सरळ असतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराच्या दक्षिणेकडील उपनगरांत पाच-सहा फूट बर्फ पडला, काउल्सव्हिल येथे त्या आठवड्यात ८८ इंच झाला, आणि शहराच्या उत्तर भागात लोक साध्या बुटांनी फिरत होते. विमानतळ पट्ट्याच्या कडेवर असल्याने तिथे त्याचा लहानसा अंशच मोजला गेला आणि स्पर्धेत तेवढाच धरला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्येही ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग या उपनगरांत ८० इंचांच्या आसपास बर्फ झाला, इतका की बफेलोच्या फुटबॉल संघाला आपला घरचा सामना डेट्रॉइटला नेऊन खेळावा लागला. मात्र त्याच हंगामात नाताळच्या झंझावातात विमानतळावरच ५१.९ इंच पडले आणि १३३.६ इंचांच्या बेरजेने चषक बफेलोकडे गेला. त्या विजयाचा आनंद कोणी साजरा केल्याचे मला आठवत नाही. त्या झंझावातात बफेलो परिसरात चाळीसहून अधिक माणसे गेली होती, काही आपल्या मोटारींत अडकून, काही वैद्यकीय मदत पोहोचू न शकल्याने. सिराक्यूजहून बर्फ उपसणारी यंत्रे आणि माणसे मदतीला गेली पाहिजेत, एवढीच चर्चा त्या आठवड्यात आमच्याकडे होती.

बिंगहॅम्टनची अडचण उलटी आहे. तिथला विमानतळ शहराबाहेर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीच्या टेकडीवर आहे आणि शहर खाली दोन नद्यांच्या संगमावर वसले आहे. पुण्याचा पाऊस सिंहगडावर मोजावा तसे हे आहे. खाली पाऊस आणि वर बर्फ, असे कित्येकदा होते, आणि शहरातल्या माणसाला आपल्या नावावर जमा झालेला बर्फ रस्त्यावर दिसतच नाही. तरीही बिंगहॅम्टनला कमी लेखू नये. किनाऱ्यालगतची मोठी वादळे त्याच्यावर विशेष मेहेरबान असतात. डिसेंबर २०२० मधील एकाच वादळात तिथे ४० इंचांच्या आसपास बर्फ पडला आणि दोन दिवसांत ते शहर सगळ्यांच्या पुढे निघून गेले. ऑल्बनी सरोवरांपासून दूर हडसन नदीच्या खोऱ्यात असल्याने सहसा शेवटी राहते, आणि तिथले लोक ते मोकळेपणाने मान्य करतात.

एक हिशेब आपल्यासाठी मुद्दाम करतो, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘सव्वातीन मीटर’ हा आकडा ऐकून डोळ्यांपुढे महाबळेश्वर येते. सिराक्यूजचा एका हंगामातला सगळा बर्फ वितळवला तर, तो किती हलका आहे त्यानुसार, साधारण १६० ते ३२५ मिलिमीटर पाणी होईल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलैतल्या एखाद्या मुसळधार दिवशी एवढे पाणी तिथे चोवीस तासांत पडून जाते. फरक असा की पाऊस वाहून जातो आणि बर्फ राहतो. तो उचलावा लागतो, रस्त्यावर मीठ टाकावे लागते, छपरावरून ओढून काढावा लागतो, आणि तो वजनाने कमी असला तरी रोजचा असतो. म्हणूनच मी भाच्याला आणि मुलीला दोघांनाही सांगेन की हंगामाच्या बेरजेवरून शहराचे हाल मोजू नका. ऑक्टोबर २००६ मध्ये बफेलोला केवळ २२.६ इंच पडले होते, पण झाडांवर अजून पाने होती, बर्फ ओला आणि जड होता, हजारो झाडे मोडून तारांवर पडली आणि कित्येक घरे आठवडाभर अंधारात राहिली. बेरजेत ते २२.६ इंच इतर कोणत्याही २२.६ इंचांसारखेच लिहिले गेले.

आता सज्जाबद्दल. आपल्या मुलीचा आकडा जुळत नाही याचे कारण बहुधा हे आहे की वरच्या मजल्यावरच्या सज्जात वारा भिंतीला आपटून वळतो आणि बर्फ एका कोपऱ्यात ढीग करून दुसरा कोपरा उघडा ठेवतो. घराची ऊब खालून येऊन थोडा वितळवते, वरच्या मजल्याचे छत थोडा अडवते. तिथे मोजूच नये. तिच्या इमारतीमागे मोकळी हिरवळ असेल आणि घरमालकांची परवानगी मिळाली, तर झाडापासून व भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर फळी ठेवावी आणि तिच्या शेजारी एक झेंड्याची काठी रोवावी, कारण पहिल्याच मोठ्या बर्फात फळी कुठे होती हे कोणालाच आठवत नाही. फळी पांढरीच हवी. गडद फळी उन्हाने तापते आणि पहिला थर गिळून टाकते. वारा असेल तर फळीवरचे एकच माप न घेता आजूबाजूला पाच-सहा ठिकाणी, जिथे जुना बर्फ नाही अशा जागी, मोजून सरासरी काढावी. दिवसातून चार वेळा मोजणे विद्यार्थिनीला जमणार नाही, आणि तशी गरजही नाही. रोज सकाळी सातला एकदा मोजून फळी पुसली तर तिची बेरीज विमानतळाच्या बेरजेपेक्षा थोडी कमी येईल, पण ती स्वतःशी सुसंगत राहील. बर्फ पडून दुपारी वितळणार असे दिसत असेल तर मात्र वितळण्याआधी मोजून ठेवावे, कारण दिवसभरात साचलेली कमाल जाडी हीच नोंद असते.

भाच्यानेही बफेलोत अशीच फळी ठेवावी, आणि दोघांनी दिवसातून एकदाच, त्याच वेळी मोजायचे असे ठरवून घ्यावे. मग त्यांच्या दोघांतली चुरस विमानतळांच्या चुरशीइतकीच खरी होईल. वहीत रोजच्या मापाबरोबर वाऱ्याची दिशा लिहायला मुलीला जरूर सांगा. दोन हिवाळ्यांत तिला स्वतःलाच दिसू लागेल की वायव्येचा वारा आला की तिची फळी भरते, आणि नैर्ऋत्येचा आला की भाच्याची. एप्रिलमध्ये मोजणे थांबवू नये. इथे ट्युलिप उमलल्यावरही बर्फ पडलेला मी अनेकदा मोजला आहे, आणि हंगामाचा हिशेब जूनच्या अखेरीसच बंद होतो.